हिमावरील वाटचाल : पाय आणि स्की

सन १८८३ च्या उन्हाळ्यात स्वीडनचा विख्यात संशोधक आडोल्फ एरिक नॉर्डेनशल्ड ग्रीनलंडच्या हिमपठारावर अडून पडला. या विस्तीर्ण बेटाच्या पोटात कोठेतरी बर्फ नसलेली, हिरवळीची भूमी असावी, अशी त्याची समजूत होती आणि तिच्या शोधार्थ तो पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरला होता. परंतु पुढे बर्फ ओला व भुसभुशीत लागला. माणसांचे पाय रुतू लागले, सामानाच्या घसरगाड्या जागच्या हलेनात. त्याच्या तुकडीत उत्तर स्वीडनमधील सामी जमातीचे दोन पुरुष होते : पाव्वा लार्स टुओर्डा आणि अँडर्स रास्सा. नॉर्डेनशल्डने या दोघांना स्कीवरून पुढे पाठविले. सत्तावन्न तासांनी ते परतले आणि त्यांनी सांगितले की, आपण २३० किलोमीटर आत जाऊन आलो. बर्फावाचून दुसरे काही दृष्टीस पडले नाही.

जाऊन-येऊन ४६० किलोमीटर, आणि तेही अडीच दिवसांच्या आत! युरोपातील जाणत्या मंडळींनी या वृत्तावर विश्वास ठेवला नाही. ज्या बर्फावर सुदृढ माणसे पायी पुढे सरकू शकली नाहीत, त्याच बर्फावर दोघेजण ताशी आठ किलोमीटरांच्या वेगाने गेले हे त्यांना अशक्य वाटले. नॉर्डेनशल्डने वाद घालण्याऐवजी शर्यत ठेविली. ३ एप्रिल १८८४ रोजी उत्तर स्वीडनमध्ये योकमोकजवळून क्विक्योकपर्यंत आणि परत अशी २२० किलोमीटरांची स्कीची शर्यत झाली. ती २१ तास २२ मिनिटांत जिंकणारा पुरुष होता पाव्वा लार्स टुओर्डा. ताशी दहा किलोमीटरांहून अधिक असा हा वेग पडतो. ग्रीनलंडमधील अंतराच्या आकड्याविषयी पुढेही मतभेद राहिले. पण स्कीवरचा मनुष्य असा वेग राखू शकतो की नाही, हा प्रश्न मात्र कायमचा मिटला.

या प्रसंगातून एक प्रश्न उभा राहतो. मनुष्याचे बळ तेच, अन्न तेच, बर्फही तोच. मग पायी चालणाऱ्याची शक्ती जेथे संपते, तेथे स्कीवरच्या माणसाची शक्ती शिल्लक कशी उरते? हिमप्रदेशात या प्रश्नाच्या उत्तरावर माणसांचे जगणे-मरणे अवलंबून राहिले आहे, आणि इतिहासाने ते उत्तर फार मोठी किंमत घेऊन दिले आहे.

स्की म्हणजे पायांना बांधावयाच्या, पुढून वर वळलेल्या लांब व अरुंद लाकडी पट्ट्या. त्यांचा वापर अतिप्राचीन आहे. उत्तर स्वीडनमध्ये काल्व्हट्रेस्क येथे १९२४ मध्ये दलदलीत सापडलेली स्की सुमारे ५२०० वर्षांपूर्वीची ठरली आहे, आणि तिच्याबरोबर मिळालेल्या काठीचे टोक फावड्यासारखे आहे. याचा अर्थ असा की, इजिप्तचे पिरॅमिड उभे राहण्याच्या आधी उत्तरेकडील शिकारी बर्फावरून घसरत जात होते. त्यांना ही खटपट खेळासाठी करावयाची नव्हती. हिवाळ्यात जनावर पळते आणि शिकाऱ्याने त्याचा पाठलाग करावयाचा असतो. पाठलागात जेवढी शक्ती खर्च होईल तिच्याहून अधिक अन्न हाती लागले, तरच घरची माणसे जगतात. जमाखर्चाची ही वही त्या शिकाऱ्यांनी कधी लिहिली नाही. पण ती त्यांना पाठ होती.

या साध्या पट्टीत दोन युक्त्या साठविल्या आहेत. पहिली युक्ती रुतू न देण्याची. चिखलणी केलेल्या भाताच्या खाचरात पाय ठेवला तर तो घोट्यापर्यंत जातो. तेथेच लांब फळी टाकून तिच्यावर उभे राहिले तर वजन पसरते आणि मनुष्य वर राहतो. स्की हेच काम करते. दुसरी युक्ती घसरण्याची. चालणाऱ्याचे पाऊल जेथे पडते तेथेच थांबते आणि प्रत्येक पावलाला शरीराची गती काही अंशी मोडून पुन्हा निर्माण करावी लागते. स्कीवर मात्र एका पायाने मागे रेटा दिला की दुसरा पाय काही अंतर आपोआप पुढे जातो. रेट्याची शक्ती वाया न जाता वाटेत रूपांतरित होते. यासाठी पट्टीने पुढे घसरावे, पण मागे घसरू नये. उत्तरेच्या लोकांनी पट्टीखाली जनावराचे केसाळ कातडे, केस मागच्या बाजूस वळलेले राहतील अशा रीतीने बसविले. पुढे जाताना केस दबून राहतात आणि मागे रेटा दिला की ते बर्फात रोवले जातात. पुढील काळात हेच काम निरनिराळ्या मेणांनी केले.

उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी यातील पहिलीच युक्ती उचलली. लाकडी चौकटीवर चामड्याच्या वादीचे जाळे विणून केलेली त्यांची हिमपादत्राणे रुतू देत नाहीत, पण घसरतही नाहीत. दाट जंगलात, खडकाळ जागी ती उपयोगी पडतात. मात्र मोकळ्या मैदानात लांबचा पल्ला गाठावयाचा असेल, तर घसरण्याचा लाभ त्यांना मिळत नाही.

रुतण्याची किंमत किती, हे विसाव्या शतकात मोजून पाहण्यात आले. अमेरिकेच्या सेनादलाच्या नॅटिक येथील संशोधनसंस्थेतील पँडॉल्फ, हेसमन आणि गोल्डमन यांनी १९७६ मध्ये बर्फावरून चालणाऱ्या माणसांच्या शक्तिव्ययाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पक्क्या सपाट रस्त्यावर चालण्याचा खर्च एक मानला, तर टणक बर्फावर, म्हणजे पाऊल मुळीच रुतत नसताना, तो सुमारे १.३ होतो. पाऊल जसजसे खोल जाते तसतसा हा खर्च सरळ प्रमाणात वाढत जातो. दहा सेंटिमीटर रुतले तर दुपटीहून थोडा अधिक, वीस सेंटिमीटर रुतले तर जवळजवळ तिप्पट, आणि पस्तीस सेंटिमीटर रुतले तर चौपटीहूनही थोडा अधिक. या मापनपद्धतीत सुटी वाळू दोनच्या किंचित वर बसते. गोव्याच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावर कोरड्या वाळूतून एखादा मैल चालून ज्याच्या पोटऱ्या भरून आल्या असतील, त्याने दहा सेंटिमीटर बर्फाचा कर भरून पाहिला आहे असे म्हणावयास हरकत नाही. पस्तीस सेंटिमीटर बर्फाचा कर त्याच्याही दुप्पट असतो.

स्कीची सुधारणाही अशीच तपासली गेली आहे. फॉर्मेन्टी, आर्दिगो आणि मिनेत्ती या शास्त्रज्ञांनी इ.स. ५४२ च्या सुमारापासून २००४ पर्यंतच्या निरनिराळ्या काळांतील स्कींच्या नमुन्यांवर माणसे चालवून त्यांचा शक्तिव्यय मोजला आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. तेवढीच शक्ती खर्चून आजचा स्कीपटू सहाव्या शतकातील पूर्वजाच्या सुमारे दुप्पट वेगाने जाऊ शकतो, असे त्यात दिसून आले. पंधराशे वर्षांच्या सुतारकामाचे व अनुभवाचे फळ एवढे मोठे आहे.

परंतु एवढ्यावरून स्की सर्वत्र श्रेष्ठ आणि पायी चालणे सर्वत्र हीन, असा निर्णय देणे चुकीचे ठरेल. वाट आधीच तुडविलेली असेल, बर्फ दगडासारखा टणक झाला असेल, तर पायी चालणारा जेमतेम तीस टक्के अधिक कर भरून सुखाने जातो. खडी चढण, दाट झाडी किंवा खडक असेल तर स्की पायांतली अडचण होते. आणि पायाला बांधलेले ओझे पाठीवरच्या ओझ्यापेक्षा कितीतरी अधिक थकविते. शिवाय स्की ही कला आहे. ज्याला तोल साधत नाही, तो घसरण्यात वाचविलेली शक्ती सावरण्यात गमावतो. स्की आपली बचत शिकलेल्या माणसालाच देते, हा या विद्येचा पहिला नियम होय.

नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनला हा नियम लहानपणापासून ठाऊक होता. टुओर्डा आणि रास्सा यांची हकीकत त्याने वृत्तपत्रात वाचली आणि स्कीच्या साहाय्याने ग्रीनलंड ओलांडण्याचा विचार त्याच्या मनात रुजला. १८८८ च्या उन्हाळ्यात पाच सोबत्यांसह तो बहुतांशी निर्मनुष्य अशा पूर्व किनाऱ्यावर उतरला. या पाचांत सॅम्युएल बाल्टो व ओले राव्ना हे दोघे सामी होते. मागे परतण्यास आश्रय नव्हता. अन्न होते ते पश्चिम किनाऱ्यावरच्या वस्तीत. ऑक्टोबरमध्ये ही सहा माणसे गोडथॉब येथे सुखरूप पोहोचली. ग्रीनलंडच्या हिमपठाराचे हे पहिलेच उल्लंघन होते. नान्सेनने त्यावर लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातच स्की हा शब्द आला, आणि नॉर्वेतील शेतकऱ्यांचे हे साधन जगाच्या परिचयाचे झाले.

यानंतर बावीस-तेवीस वर्षांनी दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर या विद्येची सर्वांत कठोर परीक्षा झाली. नॉर्वेचा रोआल्ड अ‍ॅमुंडसेन चार सोबती, चार घसरगाड्या आणि बावन्न कुत्री घेऊन ऑक्टोबर १९११ मध्ये निघाला. पाचही माणसे स्कीवर वाढलेली होती. त्यांतील ओलाव्ह ब्यालँड हा नामांकित स्कीपटू आणि कुशल सुतार. त्याने हिवाळाभर घसरगाड्या तासून त्यांचे वजन निम्म्याहून अधिक कमी केले. ओझे कुत्र्यांनी ओढावयाचे, माणसांनी स्कीवरून बरोबर जावयाचे, अशी योजना होती. पुष्कळ दिवशी ठरलेली मजल पाच-सहा तासांत पुरी होई आणि उरलेला वेळ विश्रांतीस मिळे. १४ डिसेंबर १९११ रोजी ते ध्रुवावर पोहोचले आणि २५ जानेवारी १९१२ रोजी तळावर परतले. या यशाची किंमत मुक्या प्राण्यांनी दिली, हेही विसरता येत नाही. बावन्न कुत्र्यांपैकी अकरा परत आली; चोवीस तर एकाच मुक्कामावर मारली गेली आणि अन्न म्हणून वापरली गेली.

इंग्रज कप्तान रॉबर्ट फाल्कन स्कॉट १ नोव्हेंबर १९११ रोजी निघाला. त्याच्याजवळ तट्टे होती, कुत्री होती, यांत्रिक घसरगाड्याही होत्या. पण बिअर्डमोर हिमनदीच्या पायथ्यापासून पुढे सारा भार माणसांनीच ओढावयाचा होता. नान्सेनच्या शिफारशीवरून ट्रिग्व्ह ग्रान हा तरुण नॉर्वेजियन स्की शिकविण्यासाठी त्याच्या मोहिमेत आला होता. तथापि पुष्कळांनी त्याची शिकवणी मनावर घेतली नाही. डिसेंबरच्या आरंभी वादळानंतर भुसभुशीत बर्फाचा थर साचला आणि ११ डिसेंबरला स्कॉटने दैनंदिनीत लिहिले की, खरे साधन स्कीच होय; परंतु आपल्या देशबांधवांनी पूर्वग्रहामुळे तिची तयारी केली नाही. ही कबुली योग्य होती, पण ती शाळा सुटल्यानंतर आलेली होती.

या प्रवासात एक गोष्ट अशी घडली की, शास्त्रज्ञाने मुद्दाम प्रयोग मांडावा तशी ती वाटते. वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९११ रोजी, ओझे हलके करण्यासाठी दुसऱ्या तुकडीच्या चौघांनी आपल्या स्की वाटेत ठेवून दिल्या. ही तुकडी थोड्याच दिवसांत परत फिरणार होती. परंतु स्कॉटने तिच्यातील हेन्री बॉवर्स याला ऐनवेळी ध्रुवाच्या तुकडीत घेतले. परिणामी चार माणसे स्कीवर आणि पाचवा पायी, अशी ही दोरी ध्रुवाकडे निघाली. बॉवर्सच्या स्की जानेवारीच्या अखेरीस परतीच्या वाटेवर त्याला मिळाल्या. मधला एक महिना, जवळजवळ पावणेसातशे किलोमीटर, तो पायी चालला. आणि उंचीने तो सर्वांत ठेंगणा होता. १२ जानेवारीच्या नोंदीत स्कॉट सांगतो की, इतरांना स्कीवर त्या मानाने आराम होता आणि बॉवर्स मात्र दिवसभर मऊ बर्फ तुडवीत होता. तरी मुक्कामाला पोहोचल्यावर, नको म्हणत असताही, त्याने सूर्याचे वेध घेतलेच. हा बॉवर्स रॉयल इंडियन मरीन या हिंदुस्थानातील नौदलाचा अधिकारी होता. त्याच्या जिद्दीला वंदन करावे तेवढे थोडे. पण जिद्दीने शक्तीचा हिशेब बदलत नाही.

तो हिशेब असा होता. हिमपठारावर प्रत्येक माणसाला दररोज बिस्किट, पेमिकन, लोणी, साखर, कोको मिळून सुमारे साडेचार हजार उष्मांकांचे अन्न मिळे. थंडीत घसरगाडी ओढणाऱ्या माणसाचा खर्च सहा हजारांच्या वर जातो, असे आजचे अभ्यासक मानतात. म्हणजे रोज किमान दीड हजारांची तूट. ही तूट शरीर आपल्या चरबीतून आणि स्नायूंतून भरून काढते. एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक असतात, तेव्हा पाच दिवसांत जवळजवळ एक किलो वजन झडावे, असा हिशेब येतो. अडीच महिन्यांत ही झड पंधरा किलोंपर्यंत जाते. स्कॉटच्या वेळी हे आकडे कोणाला नीट ठाऊक नव्हते. १९९२-९३ मध्ये रॅनल्फ फाइन्स आणि डॉक्टर माइक स्ट्राउड यांनी अंटार्क्टिकावर स्वतः ओझे ओढीत प्रवास केला, तेव्हा काही दिवसांचा खर्च दहा हजार उष्मांकांहूनही अधिक असल्याचे मोजणीत आढळले. आणि तेही स्कीवर होते. ओझे जड असेल तर स्कीची बचतही अपुरी पडते, ही या आकड्यांची शिकवण आहे.

१७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉटची तुकडी ध्रुवावर पोहोचली, तेव्हा तेथे नॉर्वेचा ध्वज फडकत होता. परतीच्या वाटेवर निसर्गाने आणखी एक गोष्ट हिरावून घेतली. स्की किंवा घसरगाडी बर्फावरून सहज घसरते ती घर्षणाच्या उष्णतेने तळाशी पाण्याचा अतिसूक्ष्म थर तयार होतो म्हणून, असे बाउडन आणि ह्यूज यांनी १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोख खिंडीतील प्रयोगांच्या आधारे दाखविले. फार कडक थंडीत हा थर तयार होत नाही आणि बर्फ वाळूसारखा वागू लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्कॉटच्या नोंदींत हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते : पृष्ठभाग वाळूसारखा झाला आहे, गाडी घसरतच नाही. ज्या घसरण्यावर स्कीची सारी बचत उभी, तेच नाहीसे झाले. माणसे दिवसेंदिवस क्षीण होत होती आणि वाट दिवसेंदिवस महाग होत होती.

एडगर इव्हान्स १७ फेब्रुवारीला मरण पावला. मार्चच्या मध्यास कप्तान लॉरेन्स ओट्स, आपल्या हिमदंशाने निकामी झालेल्या पायांमुळे सोबती अडकून पडू नयेत म्हणून, तंबूतून वादळात निघून गेला. या मोहिमेत येण्यापूर्वी तो आपल्या पलटणीबरोबर इंदूरजवळच्या महूच्या छावणीत होता. माळव्याच्या उन्हातून निघालेला हा घोडेस्वार हिमवादळात नाहीसा झाला. स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स हे तिघे मार्चच्या अखेरीस तंबूत मरण पावले. अन्नाचा मोठा साठा तेथून अवघा अठरा किलोमीटर दूर होता. पाव्वा लार्स टुओर्डाने योकमोकच्या शर्यतीत एवढे अंतर दोन तासांच्या आत कापले होते.

या शोकांतिकेचा सारा दोष स्कीच्या अज्ञानावर टाकणे न्याय्य होणार नाही. कुत्र्यांचा उपयोग, साठ्यांमधील अंतर, चार माणसांच्या शिध्यात पाचव्याची भर, गळून गेलेले रॉकेल, असाधारण थंडी, ही सर्व कारणे एकत्र आली. तरीही या सर्वांच्या तळाशी एकच हिशेब दिसतो. अ‍ॅमुंडसेनने आपल्या माणसांची शक्ती प्रत्येक पावलाला वाचविली आणि ती संकटासाठी शिल्लक ठेवली. स्कॉटच्या माणसांनी ती प्रत्येक पावलाला उधळली, आणि अखेरच्या अठरा किलोमीटरांसाठी काही उरले नाही. कष्ट अधिक म्हणजे पुरुषार्थ अधिक, अशी त्या काळच्या इंग्रज खलाशांची भावना होती. घसरगाडी आपल्या अंगबळावर ओढून नेण्यात त्यांना एक प्रकारची प्रतिष्ठा वाटे. सामी शिकाऱ्याला अशी चैन परवडत नव्हती. त्याच्या लेखी वाचविलेला श्रम म्हणजे घरी पोहोचण्याची हमी होती, आणि जी विद्या ती हमी देते ती शिकण्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता.

१२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला स्कॉटचा तंबू सापडला. हिंदुस्थान सरकारने पाठविलेली सात खेचरे या पथकाबरोबर होती, आणि ट्रिग्व्ह ग्रानही होता. तिन्ही देहांवर तंबू पाडून त्यावर बर्फाची रास रचण्यात आली, आणि राशीवर ग्रानच्या दोन स्की आडव्या-उभ्या बांधून केलेला क्रूस उभारण्यात आला. ग्रानला आता तळापर्यंत परत जाण्यासाठी स्की हव्या होत्या. त्याने स्कॉटच्या स्की पायांत चढविल्या. निदान त्यांनी तरी आपला प्रवास पुरा करावा, अशी त्याची इच्छा होती. शिष्यांनी जी विद्या अर्धवट शिकली होती, ती पूर्ण जाणणारा तो शिक्षक त्या स्कींवरून तळावर सुखरूप परतला.